बाटलीच्या गळ्यातले 92 गुण

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवर वाइनचं एक मोठं दुकान आहे. नाव लिहीत नाही. दारूची जाहिरात वाटेल असं काही मला लिहायचं नाही, आणि पुढे तक्रारीही येणार आहेत. शहरात जे नियमित वाइन घेतात त्यांना वर्णनावरून दुकान ओळखू येईल. इतर ठिकाणी व्हिस्की-बिअरच्या भिंती आणि कोपऱ्यात वाइनची एक धूळ खात पडलेली फळी असते. इथे अर्धं दुकान वाइनचं आहे. नाशिकचा माल, अकलूजचा, बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सचा, मग चिली, ऑस्ट्रेलिया, इटली, फ्रान्स. मागच्या बाजूला काचेची एक थंड खोली आहे. माणसं सभ्य आहेत. बाईमाणूस एकटी आत गेली तरी कोणी टकमक बघत नाही, हे आपल्याकडे मुद्दाम सांगावं लागतं म्हणून सांगते.

निवड चांगली, वागणूक चांगली, पार्किंग आहे. माझा आक्षेप बाटल्यांच्या गळ्यातल्या त्या सोनेरी चकत्यांवर आहे.

जवळजवळ प्रत्येक आयात बाटलीच्या, आणि आता बऱ्याच देशी बाटल्यांच्याही गळ्यात एक कागदी चकती अडकवलेली असते. मोठ्या अक्षरांत 90, 91, 92. खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत चवीचं वर्णन. कोणी नवखा गिऱ्हाईक आला, साहेबांना भेट द्यायला किंवा लग्नाच्या वाढदिवसाला काहीतरी बरं हवं म्हणून, की विक्रेत्याचं बोट सरळ त्या चकतीवर जातं. "ही बघा सर, ही 88 ची, ही 92 ची." आणि सर 92 ची उचलतात. मी उभी असताना एका गृहस्थांनी 1,900 ची बाटली परत फळीवर ठेवली आणि 3,150 ची घेतली. दोन्हींमध्ये काय आहे हे त्यांनी विचारलंही नाही. विचारायची गरजच त्यांना वाटली नाही, कारण उत्तर गळ्यात लटकत होतं.

लातूर पॅटर्नच्या मुलखात वाढलेल्या माणसावर 92 हा आकडा काय करतो ते आपल्याला ठाऊक आहे. दोन-चार गुणांवर इथे घरंच्या घरं हललेली आपण बघितली आहेत. वाइनला शंभरपैकी गुण द्यायची ही पद्धत जगभर रूढ केली ती अमेरिकेतल्या रॉबर्ट पार्कर यांनी, आणि त्यांनीही ती तिकडच्या शाळेतल्या गुणांच्या धर्तीवरच बेतली होती. पेशाने वकील असलेल्या या माणसाने 1978 मध्ये 'द वाइन ॲडव्होकेट' हे पत्रक सुरू केलं. फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या 1982 सालच्या वाइनबद्दल काही जाणकार साशंक असताना त्यांनी ती असामान्य असल्याचं ठामपणे लिहिलं, ते पुढे खरं ठरलं, आणि मग 2019 मध्ये ते निवृत्त होईपर्यंत त्यांच्या आकड्यावर भाव वर-खाली होत राहिले. त्यांना आवडते तशी पिकलेल्या फळांची, दाट, ओक लाकडाच्या पिंपात मुरलेली वाइन बनवण्याकडे कितीतरी वायनऱ्या वळल्या. एका माणसाच्या जिभेचा एवढा प्रभाव खाण्यापिण्याच्या दुसऱ्या कुठल्या वस्तूवर पडल्याचं मला माहीत नाही.

त्या पट्टीत एक गोष्ट मात्र बहुतेकांना कळत नाही. ती शून्यापासून सुरूच होत नाही, 50 पासून होते. दुकानात तर 85 च्या खालची चकती दिसणारच नाही, कारण ती कोण छापेल? म्हणजे शंभराची दिसणारी पट्टी प्रत्यक्षात पंधरा घरांची आहे, आणि त्यातही सगळी गर्दी 88 ते 93 या पाच-सहा घरांत.

हे मी तावातावाने लिहितेय त्याला कारण आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या अन्नतंत्र महाविद्यालयात माझं शिक्षण झालं. नोकरी वाळूजच्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात. चवीला आणि वासाला गुण देणारं पॅनेल चालवणं हे माझं रोजचं काम आहे. जिभेला आकड्यात बोलतं करणं किती अवघड आहे, आणि नीट केलं तर ते किती भरवशाचं होतं, हे दोन्ही मी दररोज बघते.

आमच्याकडे नऊ गुणांची हेडोनिक पट्टी असते: 1 म्हणजे अजिबात आवडलं नाही, 9 म्हणजे अतिशय आवडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या अन्नसंशोधन संस्थेत, जवानांना कुठलं जेवण आवडतं हे मोजण्यासाठी ती तयार झाली. आज जगातला जवळजवळ प्रत्येक बिस्किटवाला, लोणचेवाला ती वापरतो. पण पट्टीपेक्षा महत्त्वाचं आहे तिच्या भोवतीचं कुंपण. नमुन्यावर नाव नाही, तीन आकडी कोड. सकाळी अकराच्या सुमाराला, म्हणजे पोट ना भरलेलं ना रिकामं. अत्तर नाही, तंबाखू नाही, आधीच्या तासाभरात चहा नाही. दर दोन नमुन्यांच्या मधे कोमट पाण्याची चूळ. रंगाने फसगत होईल असा पदार्थ असेल तर लाल दिव्याखाली. शेजारच्याचा चेहराही दिसू नये म्हणून मधे फळ्या. आणि हे सगळं करूनही मी एक सापळा लावतेच. एकाच बॅचचा नमुना दोन वेगळ्या कोडखाली त्याच थाळीत ठेवते. ज्याने एकाला 8 आणि दुसऱ्याला 5 दिले, त्याचा त्या दिवसाचा कागद बाजूला जातो. माणूस वाईट नसतो. सर्दी असते, रात्री झोप झालेली नसते, घरात काही झालेलं असतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते, ती पाठ्यपुस्तकात नव्हती. आपली माणसं भिडेखातर गुण देतात. समोर कुणी काही बनवून ठेवलंय, त्याला 4 कसे द्यायचे? नवीन आलेला प्रत्येक जण पहिले काही दिवस सगळ्याला 7 देतो. 7 म्हणजे 'बरं आहे की'. त्याला मनमोकळेपणाने 4 द्यायला शिकवणं हे माझं पहिलं काम असतं. वाइनच्या चकतीवर कायम 90 च्या आसपासचेच आकडे दिसतात तेव्हा मला ते 7 आठवतात.

आता हीच सापळ्याची युक्ती वाइनच्या परीक्षकांवर कुणी वापरली का? वापरली. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन म्हणून एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांची स्वतःची छोटी वायनरीही आहे. आपल्या एकाच वाइनला एका स्पर्धेत सुवर्णपदक आणि दुसरीत काहीच नाही, असं का होतं हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या आयोजकांना तयार केलं आणि 2005 पासून तिथल्या परीक्षकांची परीक्षा घेतली. तीसेक ग्लासांच्या फेरीत एकाच बाटलीतली वाइन तीन वेगळ्या कोडखाली तीनदा यायची. निकाल 2008 मध्ये छापून आले. बहुतेक परीक्षकांचे त्याच वाइनला दिलेले गुण साधारण चारने वर किंवा चारने खाली सरकत होते. दहातला जेमतेम एक परीक्षक आपल्याच गुणांशी इमान राखू शकला, आणि जो एका वर्षी राखू शकला तो पुढच्या वर्षी राखेलच असंही नव्हतं.

चार गुण इकडे किंवा तिकडे म्हणजे काय? आज 90 मिळालेली वाइन उद्या त्याच माणसाकडून 86 किंवा 94 घेऊ शकते. लंडनच्या डिकँटर वर्ल्ड वाइन अवॉर्ड्समध्ये 86 ला कांस्य सुरू होतं, 90 ला रौप्य आणि 95 ला सुवर्ण. म्हणजे तीच बाटली कांस्याच्या उंबऱ्यापासून सुवर्णाच्या एक पायरी खालपर्यंत कुठेही बसू शकते. हॉजसन यांनी नंतर अमेरिकेतल्या तेरा स्पर्धांचे निकाल एकत्र मांडून बघितले. ज्या वाइन तीनपेक्षा जास्त स्पर्धांत गेल्या होत्या, त्यांतल्या सुवर्ण मिळवलेल्यांपैकी 84 टक्के वाइन दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत बिनपदकाच्या परतल्या होत्या.

एकाच माणसाचं स्वतःशी जुळत नसेल, तर दोघांचं एकमेकांशी कसं जुळायचं? बोर्दोच्या शातो पावी या वायनरीची 2003 सालची वाइन पिंपात असतानाच पार्कर यांनी 95 ते 100 च्या घरात नेऊन बसवली. ब्रिटनच्या वाइन समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन यांनी तिला 20 पैकी 12 दिले. या एका वाइनवरून दोघांत जाहीर वाद झाला. दोघंही अडाणी नव्हते, दोघांचीही जीभ तयार होती. एकाला पिकून गोडाकडे झुकलेलं फळ आवडतं, दुसरीला बोर्दोकडून ताठपणा हवा होता. हे कळलं की दोघांचेही गुण उपयोगाचे होतात. नाव काढून नुसते 95 किंवा नुसते 12 गळ्यात अडकवले की ते कुणाच्याच कामाचे राहत नाहीत. आणि आपल्या दुकानातल्या बहुतेक चकत्यांवर नाव नाहीच. कोणी दिले, केव्हा दिले, बाटलीचं लेबल बघून दिले की झाकून, यातलं काही नाही. मी विचारलं. "डिस्ट्रिब्युटरकडून तशीच येते मॅडम."

आकड्याचा दुसरा दोष मला जास्त गंभीर वाटतो: तो पिण्याआधी दिसतो. बोर्दोमध्येच 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वास नसलेल्या रंगाने लाल करून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी 2008 मध्ये एकच वाइन 10 डॉलरची आणि 90 डॉलरची म्हणून चाखायला दिली. महाग सांगितलेली जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही आनंदाशी निगडित भाग जास्त जागा झालेला दिसला. म्हणजे ती माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना खरोखरच जास्त आवडलं होतं. सोनेरी चकती हेच करते. ती चव सांगत नाही, ती बदलते.

दिवाळीनंतर घरी चार माणसं जमली होती, तेव्हा मी याच दुकानातून आणलेली नाशिकची एक शिराझ, म्हणजे लाल वाइन, दोन सारख्या जगमध्ये ओतली. एका जगच्या गळ्यात 92 ची चकती अडकवली, दुसरा तसाच ठेवला. आमच्या भाऊजींनी दोन्ही ग्लास घेतले आणि निकाल दिला: "वहिनी, ही चकतीवाली भारीच आहे. ती दुसरी पाणचट लागायलीय." जाऊबाईंनी मान डोलावली. पण आमच्या पॅनेलमधला गंगापूरकडचा एक मुलगाही त्या दिवशी आलेला होता. शिक्षण बारावी, गळ्यात तुळशीची माळ. माळकरी असल्याने त्याने थेंबही तोंडाला लावला नाही, नुसता वास घेतला. एकदा हा ग्लास, एकदा तो, मग स्वतःच्या बाहीचा वास घेऊन नाक मोकळं केलं, पुन्हा दोन्ही. "मॅडम, हे दोन्ही एकच आहे." चकतीकडे त्याने बघितलंच नाही, कारण आमच्याकडे त्याला तसं शिकवलेलं आहे. म्हणून चवीचं सगळंच थोतांड असतं असं कोणी म्हणायला लागलं की मला राग येतो. नाक तयार होतं. त्याला अंधार लागतो, सराव लागतो आणि सापळा लागतो.

आता दुकानाच्या खऱ्या तक्रारींकडे येते.

पहिली, साल. चकतीवर बारीक अक्षरांत 2019 आणि बाटलीवर 2021, असा प्रकार मला तिथे सहज सापडला, आणि एकाच फळीवर नाही. द्राक्ष हे पीक आहे, आणि बाटलीवरचं साल त्या पिकाचं असतं. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट ज्यांनी शेतात उभं राहून बघितली, त्या माणसांना एका वर्षाचा माल आणि दुसऱ्या वर्षाचा माल एक म्हणून विकणं पटायचं नाही. 2019 च्या वाइनला मिळालेले गुण 2021 च्या वाइनच्या गळ्यात घालणं ही गिऱ्हाईकाची सरळ दिशाभूल आहे, मग ती डिस्ट्रिब्युटरने केलेली असो की दुकानदाराने.

दुसरी, ऊन. ज्याने गुण दिले त्याने बाटली बारा-पंधरा अंशांच्या तळघरातून काढून उघडली. आपल्या हातातली बाटली बंदरात उतरली, गोदामात थांबली, ट्रकमधून आली आणि मे महिन्यात, बाहेर पारा 42 च्या पुढे असताना, दुकानात उभी राहिली. वाइन तिशीच्या वर फार दिवस राहिली की फळांचा ताजा वास उडतो आणि शिजवलेल्या मुरंब्यासारखा जड वास येतो. त्या 92 गुणांचा अशा बाटलीशी काहीएक संबंध उरत नाही. आणि आपल्या मुलखात हा मुद्दा पार्कर-रॉबिन्सन वादापेक्षा दसपट मोठा आहे. घेताना बघा: मानेतली वाइनची पातळी बरोबरीच्या बाटल्यांपेक्षा खाली गेलेली आहे का, बूच वर सरकलेलं आहे का, वरच्या टोपणाखाली चिकट ओघळ आहे का. यातलं काहीही दिसलं तर ठेवून द्या.

तिसरी तक्रार याच दुकानातली, आणि ती माझ्या नाकावर बेतलेली आहे. दुकानाची दर्शनी काच पश्चिमेला आहे. पारदर्शक काचेच्या बाटल्या, म्हणजे रोझे (गुलाबी वाइन) आणि काही पांढऱ्या वाइन, छान दिसतात म्हणून तिथेच मांडलेल्या असतात. दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर. मी त्यातली एक आणली. उघडल्याबरोबर कोबी शिजतानाचा वास. वाइनमध्ये थोडं रायबोफ्लेविन असतं, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व. प्रकाश पडला की त्याच्यामुळे गंधकाचे वास तयार होतात. दुधाची पारदर्शक बाटली उन्हात राहिली तरी साधारण हेच होतं, म्हणून मला तो वास लगेच ओळखू आला. हिरव्या किंवा गडद तपकिरी काचेत हे बरंच टळतं. बाटली परत नेली तर काउंटरवरच्या माणसाने आधी चकती दाखवली: "पण मॅडम, ही 91 ची आहे." मी त्याच्यासमोर ग्लासात ओतून नाकाखाली धरली. मॅनेजरने काही न बोलता बदलून दिली, हे दुकानाच्या बाजूने नोंदवते. पण नाकाला कोबी येत असताना माणूस आकड्याकडे बोट दाखवतो, इतका त्या आकड्याचा दरारा आहे.

चवीच्या वर्णनांचं काय? इथे माझं मत आकड्यांइतकं कडक नाही. चकतीवर लिहिलेलं असतं: कॅसिस, सीडर, ग्रॅफाइट. कॅसिस हे युरोपातलं काळं, आंबट फळ. आपण ते खाल्लेलं नाही, मग ते वाचून कळणार काय? आमच्या पॅनेलचा नियम आहे की ज्या वासाचा नमुना कुपीत घालून समोर ठेवता येत नाही, तो शब्द कागदावर येणार नाही. वाइनमध्येही हे काम झालेलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या ॲन नोबल यांनी 1984 मध्ये वाइनच्या वासांचं चक्र मांडलं, आणि सोबत प्रत्येक वासाचा नमुना कसा करायचा हेही दिलं: साध्या वाइनमध्ये शिमला मिरचीचा तुकडा, लवंग, मिरे असं काही टाकून. 'उमदी', 'खानदानी' असल्या शब्दांना त्या चक्रात जागा नाही, आणि ते योग्यच आहे.

असे तपासता येणारे शब्द खरे असतात, कारण बऱ्याचदा रसायनच तेच असतं. सोव्हिन्यों ब्लांक या पांढऱ्या वाइनमध्ये येणारा हिरवा वास आणि शिमला मिरचीचा वास एकाच कुळातल्या द्रव्यांचा, पायराझिनचा. त्याच वाइनमध्ये पेरूचा वास येतो तो गंधकयुक्त थायॉलमुळे. नाशिकची ताजी सोव्हिन्यों ब्लांक थंड करून उघडा आणि शेजारी एक अर्धा पिकलेला पेरू कापून ठेवा. माझ्या बोलण्याची गरज उरणार नाही. काही शेनिन ब्लांकमध्ये (हीही पांढरीच) मला जालन्याच्या मोसंबीच्या सालीची आठवण येते. शिराझमध्ये जांभूळ, आणि काही शिराझमध्ये चक्क काळे मिरे. मिऱ्यातलं रोटंडोन हे द्रव्यच शिराझमध्ये असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं. पण त्यातच एक पेच आहे: साधारण पाचातल्या एकाला रोटंडोनचा वास येतच नाही. म्हणजे प्रामाणिक समीक्षकाने प्रामाणिकपणे 'मिरे' लिहिलं आणि तुम्हाला ते लागले नाहीत, तर दोघंही बरोबर असू शकता. आकड्याने हे कधीच कळलं नसतं, शब्दाने निदान विचारायला जागा राहते.

या दुकानातली सगळ्यात विश्वासाची वर्णनं चकत्यांवर नाहीत. काउंटरवर पैठणकडचा एक मुलगा आहे. किमतीच्या पट्टीच्या मागच्या बाजूला तो बॉलपेनने लिहून ठेवतो, विचारलं की पट्टी उलटून दाखवतो. "तुरट. मटणाबरोबर चालते, नुसती नको." "गोडसर. पहिल्यांदा घेणाऱ्यांना आवडते." "नान-खलियासोबत तोंड भाजल्यासारखं लागलं, दोघांनी सांगितलं." "उघडून अर्धा तास ठेवावी." एका पट्टीमागे नुसतं "परत आली" आणि महिना. हे कुठून आणलंस विचारलं तर म्हणाला, "ताई, मी एकट्याने पिऊन काय सांगणार? गिऱ्हाईक परत आलं की विचारतो कशी लागली. तीन-चार जण एकच सांगायलेत असं दिसलं की लिहून ठेवतो."

ग्राहक चाचणी म्हणतात ती हीच. आम्ही त्यासाठी फॉर्म छापतो आणि अहवाल लिहितो. त्या मुलाने कोण पिणार, कशाबरोबर पिणार, आणि परत घेईल का, हे तीन प्रश्न आपणहून पकडले आहेत. नान-खलियाचं, म्हणजे आपल्याकडच्या तिखट मटण-रश्शाचं, निरीक्षण तर पुस्तकी अचूक आहे: तिखटाने तोंड पोळलेलं असताना अल्कोहोलचा जाळ जास्त जाणवतो आणि तुरटपणाही बोचतो. परदेशी समीक्षक ते कधी लिहिणार नाही, कारण त्याच्या टेबलावर खलिया नसतो. मी मॅनेजरना सांगितलं की या पट्ट्या पुढच्या बाजूला लावा. ते हसले आणि म्हणाले, अक्षर चांगलं नाही. अक्षर चांगलं नसेल तर टाइप करून लावा, पण लावा.

समीक्षकांना सोडून द्या असं मी म्हणत नाही. सोनल हॉलंड 2016 मध्ये भारतातल्या पहिल्या मास्टर ऑफ वाइन झाल्या. त्या किताबाच्या परीक्षेत लेबल न बघता ग्लासातली वाइन ओळखावी लागते. अशा माणसाने नावानिशी, सालासकट काही लिहिलं असेल तर मी लक्ष देऊन वाचते. कोणी एक समीक्षक धरा आणि वर्षभर त्याच माणसाचं वाचत, चाखत राहा. त्याला ओक फार आवडतो की आंबटपणा, हे कळलं की त्याच्या 88 मधूनही तुम्हाला तुमची बाटली सापडेल. किंमत बघून मात्र काही ठरवू नका. आयात वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क होतं, 2022 च्या करारानंतर ऑस्ट्रेलियाच्या ठरावीक किमतीवरच्या मालावर ते कमी झालं. त्या 3,150 मधले पुष्कळसे रुपये द्राक्षापर्यंत पोचलेलेच नसतात.

तर या दुकानात जा, पण सरळ मागच्या थंड खोलीत जा. तिथला नाशिक आणि अकलूजचा माल नीट ठेवलेला असतो आणि लवकर खपतो, म्हणून ताजा मिळतो. पांढरी घेणार असाल तर यंदाची किंवा गेल्या सालची, त्याहून जुनी नको. हिवाळ्यात हुरड्याला माणसं बोलावणार असाल तर थंडगार शेनिन ब्लांक, लसणाच्या चटणीशी तिचा हलका गोडवा चांगला जुळतो. दर्शनी काचेतलं काही घेऊ नका, मॅनेजरनी तिथल्या बाटल्या हलवतो म्हणून कबूल केलंय, पण गेल्या आठवड्यापर्यंत त्या तिथेच होत्या. चकतीवर साल असेल तर बाटलीवरच्या सालाशी ताडून बघा, जुळत नसेल तर तिथल्या तिथे दाखवा. शनिवारी संध्याकाळी गर्दीत कोणाला बोलायला वेळ नसतो. आठवड्याच्या मधे दुपारी गेलात तर बंद खोक्यातली बाटली मागा, काढून देतात, आणि पैठणच्या त्या मुलाला पट्टी उलटून दाखवायला सांगा.